डिस्टिलरीच्या मातीतलं इन्सुलिन

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या मेडिकलवर वोसुलिन हे इन्सुलिन मागितलं की दुकानदार फ्रिजमधून छोटंसं खोकं काढतो. पत्ता वाळूज एमआयडीसीचा, म्हणजे रिक्षाने जाता येईल इतका जवळचा. पण हे इन्सुलिन ज्या जिवाच्या पोटात तयार होतं, त्याचं मूळ गाव शोधायला निघालं की वाट ब्राझीलला पोचते.

पर्नाम्बुको हा तिथला ऊसपट्टा. डिस्टिलरीचं सांडपाणी मुरलेल्या जमिनीत मोरायस आणि माया या संशोधकांना एक यीस्ट सापडलं, नोंद 1959ची. (आपण या सांडपाण्याच्या, म्हणजे स्पेंटवॉशच्या, वासाने नाक दाबून पुढे जातो!) हॅन्सेनुला पॉलिमॉर्फा नावाचं हे यीस्ट नेदरलँड्सच्या संग्रहात जाऊन बसलं. त्याची खोड एकच : विषारी दारूतलं जे मिथेनॉल माणसाला आंधळं करतं, ते हा जीव खाऊन जगतो.

जर्मनीत डुसेलडॉर्फ विद्यापीठात प्रा. कॉर्नेलिस होलेनबर्ग यांच्या गटाने नेमकी ही खोड हेरली. मिथेनॉल पचवायला ही पेशी काही विकरं अतोनात बनवते. ग्लुकोज आहे तोवर त्या जनुकांचा खटका बंद. ग्लुकोज संपून मिथेनॉल आलं की चालू. मग त्याच खटक्याला माणसाला हवं असलेलं जनुक जोडलं तर? पण परकं जनुक पेशीत टिकायला हवं ना! 1986 मध्ये या गटाने दाखवून दिलं, की ते यीस्टच्या गुणसूत्रातच बसवता येतं. पुढे तर एकामागे एक अशा कितीतरी प्रती बसलेल्या पेशी निवडता आल्या. तोवर विद्यापीठातून ऱ्हाइन बायोटेक ही कंपनीही निघाली होती. जर्मनीत 2002पर्यंत प्राध्यापकाच्या शोधावर हक्क प्राध्यापकाचाच असे, म्हणजे तो कंपनीत नेणं त्याच्याच हातात.

या कंपनीशी वोसुलिन बनवणाऱ्या आपल्याकडच्या वोक्हार्ट या औषध कंपनीने हातमिळवणी केली. करारावर सह्या होतात, गोठवलेल्या यीस्टची कुपी येते, पण खरी कसोटी पुढे. टाकीतलं तापमान, प्राणवायू, साखर कधी संपवायची, सगळं जमवावं लागतं. यीस्ट देतं ते कच्चं इन्सुलिन. ते विकराने कापून 21 आणि 30 अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांचं अस्सल मानवी इन्सुलिन करायचं, त्याच्यासारखे दिसणारे भेसळ रेणू वेचून काढायचे, आणि प्रत्येक बॅच मागच्यासारखीच उतरवायची. हे हातात बसायला वर्षं जातात. 2003 मध्ये वोसुलिन बाजारात आलं. तोवर जनुकीय तंत्राचं इन्सुलिन आपल्याकडे परदेशातूनच येई. याच यीस्टवर कोरियात हेपॅटायटिस-बीची लस बनली, इजिप्तमध्ये इंटरफेरॉन.

विद्यापीठातला शोध असा बाजारापर्यंत पोचायचा, तर त्यावर हक्क कुणाचा हे आधी ठरलेलं लागतं. सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे हक्क विद्यापीठांना देणारं विधेयक आपल्याकडे 2008 मध्ये राज्यसभेत आलं. त्यात खोट होती, पण दुरुस्त करण्याजोगी. 2014 मध्ये ते मागेच घेतलं गेलं, आणि ती चूक होती.