फुप्फुसोच्छेदनोत्तर श्रमक्षमता

छातीतील दोन फुप्फुसांपैकी एक शस्त्रक्रियेने समूळ काढून टाकणे म्हणजे फुप्फुसोच्छेदन. पाश्चात्त्य देशांत ते मुख्यत्वे कर्करोगासाठी केले जाते. भारतात क्षयाने नष्ट झालेले फुप्फुस हेही त्याचे महत्त्वाचे कारण आहे. एकूण श्वसनकार्याचा सु. ५५% भाग उजव्या व ४५% डाव्या फुप्फुसाकडे असतो. यावरून श्रमशक्ती निम्म्यावर येत असेल असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही.

ई. ए. ग्रॅहॅम यांनी ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लूइस येथे कर्करोगग्रस्त डावे फुप्फुस एकाच टप्प्यात काढले. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. तो पुन्हा व्यवसाय करू लागला व १९६३ पर्यंत जगला. ग्रॅहॅम मात्र १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच निधन पावले.

शस्त्रक्रियेनंतर महत्तम ऑक्सिजन-ग्रहण साधारणतः २० ते ३० टक्क्यांनी घटते. विश्रांतीच्या वेळी निरोगी फुप्फुसातील अनेक केशवाहिन्या जवळजवळ रिकाम्या असतात. श्रमाच्या वेळी त्या खुल्या होऊन वायुविनिमयाचे क्षेत्र वाढते. मात्र शरीरातील सर्व रक्त आता एकाच फुप्फुसातून जावे लागते. त्यामुळे फुप्फुस-रोहिणीतील दाब वाढतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतो व प्रत्येक ठोक्यास बाहेर पडणारे रक्त कमी होते. म्हणून धाप लागण्याचे कारण केवळ हवेची कमतरता नसून पुष्कळदा रक्ताभिसरणाची मर्यादा हे असते. क्षयाने निकामी झालेल्या फुप्फुसाचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असल्याने ते काढल्यावर होणारी हानी अल्प असते.

शस्त्रक्रियेपूर्वी महत्तम ऑक्सिजन-ग्रहण शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे मिनिटास २० मिलि.हून अधिक असल्यास धोका कमी व १० मिलि.हून कमी असल्यास फार मोठा मानतात. महागडी उपकरणे नसल्यास जिना चढण्याची चाचणी उपयोगी पडते; सु. २२ मी. उंची चढणारा रुग्ण सहसा शस्त्रक्रिया सोसू शकतो.

नांदेडजवळील विष्णुपुरी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे व भोवतालचे जीवन शेतीवर अवलंबून आहे. अशा ठिकाणी ‘पुन्हा शेतात काम करता येईल का?’ हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो. दिवसभर टिकणारे काम महत्तम क्षमतेच्या सु. एकतृतीयांश ते दोनपंचमांश पातळीवरच करता येते. त्यामुळे चालणे, निंदणी यांसारखी कामे बहुधा जमतात. ओझी वाहणे किंवा सतत खोदकाम करणे अवघड जाते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळत असल्याने ही मर्यादा आणखी खाली येते. क्रमाक्रमाने वाढविलेल्या चालण्याच्या व्यायामाने स्नायूंची कार्यक्षमता सुधारते व त्याच श्रमाला लागणारी धाप कमी होते.