पोट घासणारी मोटार आणि मनमानी गतिरोधक

हौशी माणसाची ठेंगणी स्पोर्ट्स कार गतिरोधकावर घासली, तर त्यासाठी अग्रलेख खर्ची घालावा काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या मते घालावा. कारण अशी गाडी जेथे घासते, तेथे पुष्कळदा रस्ताच चुकलेला असतो. आणि त्या चुकीचे मोल स्कूटरस्वार व रिक्षातील गर्भवती यांना अधिक द्यावे लागते.

ही गाडी ठेंगणी असते ती केवळ दिमाखासाठी नव्हे. गुरुत्वमध्य खाली असला की वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. पोर्शे 911 च्या काही प्रकारांत पोट जमिनीपासून जेमतेम 11 सेंटिमीटर असते. ते उंच करता येते, यात शंका नाही. 1978 च्या ईस्ट आफ्रिकन सफारी शर्यतीसाठी याच गाडीचे पोट 28 सेंटिमीटरपर्यंत उचलून त्याखाली संरक्षक पत्रे बसविले होते. 2022 मध्ये आलेल्या 911 डाकार या प्रकारात उंची 16.1 सेंटिमीटर असून, कळ दाबताच ती आणखी 3 सेंटिमीटरने वाढते. परंतु हे सारे कारखान्याने स्प्रिंगा, शॉकअब्सॉर्बर व चाकांची ठेवण यांचा एकत्र विचार करून साधले आहे.

स्प्रिंगेखाली कसलातरी तुकडा सरकवून गाडी उचलणे ही निराळी गोष्ट. तेणेकरून चाकांचे अलाइनमेंट बिघडते, टायर एका अंगाने झिजतात, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि वळणावरचा भरवसा कमी होतो. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांत बदल करण्यावर बंधन घालते, हेही विसरू नये.

इंजिनाचा ऑइल संप फुटला तर तेल वाहून जाऊन इंजिन जाम होण्यास वेळ लागत नाही. म्हणून पोटाखाली अॅल्युमिनियमचा जाड पत्रा लावणे शहाणपणाचे. मात्र तो संपावर नव्हे, तर सांगाड्यावर कसलेला असावा. वारा खेळण्यास व पाणी निथळण्यास त्यात भोके असावीत. आमच्या किनाऱ्यावरील खारी हवा आणि पावसाळ्यातील तांबडा चिखल पत्र्याआड साचला, तर रक्षणासाठी लावलेला पत्राच गंजाचे घर होईल. पावसाळा सरताच तो उतरवून धुणे अगत्याचे आहे.

आता रस्त्याकडे वळू. इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 साली गतिरोधकाचा जो नमुना दिला, तो 3.7 मीटर रुंद, मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच व 17 मीटर त्रिज्येचा आहे. ज्या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांत 2.45 मीटर अंतर आहे, ती अशा उंचवट्याच्या माथ्यावर आली असता तिच्या पोटाखालची जागा अवघी साडेचार सेंटिमीटर घटते. म्हणजे 11 सेंटिमीटरची ठेंगणी गाडीही सावकाश, न घासता पार होईल. पण तितकीच उंची अर्ध्या मीटरच्या रुंदीत कोंबून डांबराचा गोळा आडवा टाकला, की पूर्ण 10 सेंटिमीटर पोटाला भिडतात. आत दोन माणसे बसली, की ती गाडी घासलीच म्हणून समजा. उंची तीच, दोष आकाराचा.

असले गोळे गावोगावी दिसतात. अपघात झाला, लोक खवळले, की एका रात्रीत डांबर ओतले जाते. पांढरे पट्टे नाहीत, पूर्वसूचनेचा फलक नाही. चवथीच्या तोंडावर खड्डे बुजतात, हे गोळे मात्र तसेच राहतात. काळोखात नवखा दुचाकीस्वार त्यावरून उडतो. तेव्हा मोटारमालकाला गाडी उचलण्याचा सल्ला देऊन स्वस्थ बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पंचायतींनी व बांधकाम खात्याने मोजपट्टी घेऊन प्रत्येक गतिरोधक तपासावा; नमुन्याबाहेरचा असेल तो उखडून नीट बांधावा, रंगवावा. वेग आवरलाच पाहिजे. पण तो आवरताना कोणाचे हाडही मोडता कामा नये.