लॅपटॉप नवा, मग जुन्याहून संथ का?

सोयाबीनचे पैसे हाती आले की पोरगं म्हणते, ‘बाबा, गेमिंग लॅपटॉप घ्या.’ घेतला, पण मित्राचा जुनाच जास्त पळतो! असं का होते?

आरटीएक्स ४०६० हे नाव एकच. पण लॅपटॉप बनवणारा त्या चिपला ३५ ते ११५ वॅटपर्यंत कितीही मर्यादा घालू शकतो. बैल तोच, चारा अर्धा. मग नांगर कसा ओढणार? म्हणून पातळ, देखण्या ४०६० ला पूर्ण विजेवरचा जाडजूड ३०७० मागे टाकू शकतो. शिवाय मेमरीचा रस्ता ३०७० ला २५६ बिटांचा, ४०६० ला १२८चाच.

त्यात आपलं ऊन. समजा, चिपची मर्यादा ९५ अंश. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात आपल्या नांदगावात खोली ४० वर गेली की ५५चाच. फरक घटला की उष्णता कमी बाहेर पडते, अन् चिप स्वतःच वेग उतरवते.

म्हणून दुकानात नुसतं मॉडेल विचारू नका. विचारा, ‘ग्राफिक्सला वॅट किती? रॅमच्या पट्ट्या एक की दोन?’ उत्तर मिळाल्यावरच पैसे मोजा.