मला उमजलेला बीटल्स

बीटल्सचा 'ॲबी रोड' 26 सप्टेंबर 1969 रोजी लंडनमध्ये बाजारात आला. ऑक्टोबर संपायच्या आत अमेरिकेत जॉर्ज बेन्सन हा सव्वीस वर्षांचा जॅझ गिटारवादक त्यातली गाणी घेऊन स्टुडिओत शिरला होता. निर्माता क्रीड टेलर, संयोजन डॉन सेबेस्कीचं, आणि वादकांत हर्बी हॅनकॉक, फ्रेडी हबर्ड, रॉन कार्टर अशी एकेक भारी मंडळी. 'दि अदर साइड ऑफ ॲबी रोड' ही तबकडी 1970 मध्ये निघाली. वेष्टनावर बेन्सन गिटार घेऊन रस्ता ओलांडतोय. त्याच वर्षी मेम्फिसच्या 'बुकर टी अँड द एमजीज' या चौघांनीही हाच अल्बम वाजवला. आपला स्टुडिओ ज्या रस्त्यावर होता त्याचंच नाव त्यांनी तबकडीला दिलं, 'मॅकलेमोर ॲव्हेन्यू', आणि रस्ता अर्थातच त्यांनीही ओलांडला. एमजीज हे सोल संगीतातले, काटेकोर अर्थाने जॅझवाले नव्हेत. पण या विषयातून त्यांना वगळणं शक्य नाही.

या दोन तबकड्या पाठोपाठ ऐकल्या तर एक गंमत सापडते. दोन्हींची सुरुवात 'गोल्डन स्लम्बर्स'ने होते. मूळ अल्बममध्ये हे गाणं पार शेवटाकडे, दुसऱ्या बाजूवरच्या एकात एक गुंफलेल्या मालिकेत येतं. बीटल्स जिथे आवराआवर करत होते, तिथून हे दोघे सुरुवात करतात. बेन्सनने सतरापैकी दहाच गाणी उचलली आणि त्यांच्या जोड्या, तिकड्या बांधून पाच तुकडे केले. 'बिकॉज' संपतं न संपतं तोच 'कम टुगेदर' सुरू होतं. मूळ क्रमात ही गाणी एकमेकांच्या आसपासही नाहीत. शेवट मात्र त्याने 'दि एंड'ने केला.

दुसऱ्याचं एखादं गाणं घेऊन त्यावर खेळणं जॅझला नवं नव्हतं. जॅझचा निम्मा संसार ब्रॉडवेच्या नाटकांतल्या गाण्यांवर उभा राहिला. काउंट बेसीने 1966 मध्ये 'बेसीज बीटल बॅग' काढलाच होता. पण ती होती सुटी गाणी. अल्बम ही सलग वस्तू म्हणून घ्यायची, तिचा क्रम, तिचे चढउतार, तिची दोन तोंडं समोर ठेवून तिच्याशी वाद घालायचा, हा प्रकार रॉकने अल्बमला कादंबरीचं वजन दिल्यानंतरच सुरू झाला. रॅमसी लुईसने बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' येऊन महिना होतो न होतो तोच त्यातल्या गाण्यांची तबकडी मुद्रित केली. या घाईमागे कलेइतकाच पोटाचाही प्रश्न होता. साठच्या दशकाच्या अखेरीस तरुण श्रोता रॉककडे गेला होता आणि जॅझच्या तबकड्या दुकानांत पडून होत्या. क्रीड टेलरला हा वारा सगळ्यांआधी कळला.

मराठी वाचकाला हे सारं परकं वाटायचं कारण नाही. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं उघडा: पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचं किंवा चिजेचं नाव दिलेलं असतं. कुठून घेतलं हे सांगायला कुणी लाजत नसे. आणि संपूर्ण कलाकृतींचा संच घेऊन त्याच्याशी संवाद करण्याचं आपल्याकडचं थोर उदाहरण म्हणजे कुमार गंधर्वांचा 'मला उमजलेले बालगंधर्व'. बालगंधर्वांचा गळा, त्यांच्या लकबी आणि त्यांचा ठेहराव यांची प्रतिकृती ऐकायला आलेल्यांची तिथे निराशा झाली, वादही झाले. कुमारजींनी नक्कल केली नाही, स्वतःला काय ऐकू आलं ते मांडलं. जॅझवाल्याने रॉकचा अल्बम घेतला की मी तीच कसोटी लावतो. याला काय उमजलं?

रॉकच्या बाबतीत ही कसोटी जास्त कठीण आहे आणि त्याला कारण आहे. ब्रॉडवेचं गाणं म्हणजे सुरावट आणि स्वरसंवाद. कागदावर उतरवा, कुणीही गावं. रॉकचं गाणं हे पुष्कळदा ध्वनिमुद्रणच असतं. गिटारचा तो फाटका आवाज, स्टुडिओतला घुमारा, गायकाच्या घशातली खरखर हे सगळं काढून टाकलं की खाली उरणारी चाल कधीकधी अगदीच किरकोळ निघते. म्हणून गुळगुळीत सॅक्सोफोनवर वाजवलेलं रॉक, जे हल्ली प्रत्येक कॉफीच्या दुकानात ऐकू येतं, ते बहुतेक वेळा निर्जीव असतं.

पिंक फ्लॉइडच्या 'दि डार्क साइड ऑफ द मून'चं (1973) पाहा. घड्याळांचे गजर, गल्ल्याची खणखण, हृदयाचे ठोके, एवढी ध्वनीची रचना असलेला अल्बम चार वादकांच्या जॅझ ताफ्यात काय टिकणार? ऑर्गनवादक सॅम याहेलने 2008 मध्ये 'जॅझ साइड ऑफ द मून' केला तेव्हा ही सगळी सजावट बाजूला ठेवली. आणि मग लक्षात येतं की मूळ अल्बमच्या हाडातच जॅझ होता. रिचर्ड राइटने 'ब्रीद'मधला एक कॉर्ड माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वरून सुचल्याचं स्वतः सांगून ठेवलंय. 'मनी' सात मात्रांत चालतं, त्यावर डिक पॅरीचा सॅक्सोफोन वाजतो, आणि गिटारचा सोलो आला की ठेका मुकाट चारात येतो. रूपकाला टाळी देणाऱ्या आपल्या श्रोत्याला सात मात्रांची भीती नाही. त्याने हे गाणं मात्रा मोजत ऐकावं, बदलाची जागा हाताला लागते. व्हिएतनामी वंशाचा फ्रेंच गिटारवादक न्युएन ले याने 2014 मध्ये जर्मनीच्या एनडीआर बिगबँडला घेऊन हाच अल्बम केला. तो भव्य आहे, पण मला याहेलचा काटकसरीपणा जास्त पटतो.

सगळ्यांत मोठी झेप मात्र गिल एव्हान्सची. जिमी हेंड्रिक्सबरोबर काम करायचं त्याचं घाटत होतं. भेट ठरत होती. 18 सप्टेंबर 1970 रोजी हेंड्रिक्स गेला. 1974 मध्ये एव्हान्सने त्याची गाणी घेऊन वाद्यवृंदाची तबकडी केली. त्यात गिटार आहे, पण हेंड्रिक्सच्या गिटारची बरोबरी करायचा आव कुठेच नाही. 'वूडू चाइल'ची ती सुप्रसिद्ध आरोळी हॉवर्ड जॉन्सनने चक्क ट्यूबावर घेतली! लग्नाच्या बँडमधलं सर्वांत अवजड वाद्य, आणि त्यातून हेंड्रिक्स. इथे उमजणं म्हणजे काय ते कळतं.

पुढच्यांबद्दल थोडक्यात. ब्रॅड मेल्डाऊने रेडिओहेडची गाणी पियानोवर आणली आणि 2023 मध्ये बीटल्सची अख्खी तबकडी काढली. त्याच्याकडे धीर आहे, घाई नाही. 'द बॅड प्लस'ने 2003 मध्ये 'निर्वाना' या रॉक बँडचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' वाजवलं ते निम्मं थट्टेत, निम्मं प्रेमात. हर्बी हॅनकॉकच्या जोनी मिशेलवरच्या 'रिव्हर'ला 2008 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला, आणि तो योग्यच होता.

आता आपल्याकडे. मुंबईला हे करता आलं असतं का? हात होते, नक्कीच होते. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन ताफा ताजमध्ये वाजवून गेल्यापासून या शहरात जॅझ रुजला आणि तो वाजवणारे मुख्यतः गोव्याचे होते, चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून आलेले. हळदोण्याचा चिक चॉकलेट हा त्यांतला तारा. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (1951) तो आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्सालविस, फ्रँक फर्नांड यांनी हिंदी चित्रपटाचा वाद्यवृंद घडवला. पण रात्री हॉटेलात वाजवणारा हा माणूस दिवसा स्टुडिओत पाळीवर जाई, पैसे घेई आणि घरी येई. तबकडीवर त्याचं नाव नसे. ज्याचं नाव नाही त्याला स्वतःचा अल्बम कोण देणार? न्यूयॉर्कच्या जॅझवाल्याला क्रीड टेलर भेटला. मुंबईच्या जॅझवाल्याला पुढच्या गाण्याची तालीम.

एक अपवाद आहे, 1968 चा 'राग जॅझ स्टाइल'. शंकर-जयकिशन यांच्या नावाने एचएमव्हीने काढलेल्या या तबकडीत तोडी, भैरव, मालकंस, जयजयवंती, भैरवी असे अकरा राग आहेत. रईस खाँची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, दिलीप नाईकांची गिटार, लेस्ली गोदिन्होचे ड्रम्स. रॉकशी तिचा संबंध नाही, पण पद्धत तीच: सर्वांच्या ओळखीची चौकट घ्यायची आणि दुसऱ्या भाषेत बोलायला लावायची. खरं सांगायचं तर तुकडे फार छोटे आहेत, राग जरा बसतोय तोच संपतो. तरीही आजही ती ताजी वाटते, कारण वाजवणारे मजा करताहेत. गंमत म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांना घेऊन मुद्रण करत होता.

रॉकच्या बाजूने मराठी माणूस पाहायचा तर नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा 'ॲटॉमिक फॉरेस्ट'सारख्या बँडमध्ये गायला आणि अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने जूडास उभा केला. ही मुळात तबकडी म्हणून 1970 मध्ये आलेली, नंतर रंगमंचावर गेलेली कलाकृती आहे, हे विसरायला नको. 1978 हे वर्ष तर आपल्यासाठी विलक्षणच. निरंजन झवेरींच्या पुढाकाराने पहिली 'जॅझ यात्रा' त्या वर्षी मुंबईत भरली आणि सॅक्सोफोनचा सम्राट सॉनी रोलिन्स तिथे वाजवून गेला. रोलिन्सच्या 1956 च्या 'सॅक्सोफोन कोलोसस'वरची एक प्रसिद्ध रचना कुर्ट वाइलच्या 'थ्री पेनी ऑपेरा'तून आलेली आहे. आणि त्याच 1978 मध्ये पुलंनी त्याच नाटकाचा केलेला 'तीन पैशाचा तमाशा' थिएटर अकादमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात रंगमंचावर आणला, नंदू भेंडे त्यात गात होते! बर्लिनच्या 1928 च्या गाण्यांची दोन अपत्यं, एक जॅझमध्ये आणि एक तमाशात वाढलेलं, एकाच वर्षी महाराष्ट्रात. दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही.

खरी गाठ पडायला आणखी तीस वर्षं गेली. 2008 च्या 'माइल्स फ्रॉम इंडिया'त बॉब बेल्डनने माइल्स डेव्हिसचं संगीत त्याच्याच जुन्या साथीदारांना आणि भारतीय वादकांना एकत्र वाजवायला दिलं. लुई बँक्स, त्यांचा मुलगा जिनो, रणजित बारोट, राकेश चौरसिया, आणि 'ब्लू इन ग्रीन'मध्ये आपले शंकर महादेवन. बास धरायला पुन्हा रॉन कार्टर, तोच जो बेन्सनच्या 'ॲबी रोड'वर होता. मूळ वस्तू रॉकची नसली तरी या जातीचं मुंबईच्या हातून झालेलं हे सर्वोत्तम काम.

आपल्याकडे अशा तबकड्या निघत नाहीत याला कायद्याचंही एक कारण आहे, ज्याबद्दल संगीतावर लिहिणारे फारसे बोलत नाहीत. अमेरिकेत 1909 पासून ठरावीक मानधन भरून दुसऱ्याचं प्रसिद्ध झालेलं गाणं कुणालाही मुद्रित करता येतं. म्हणूनच बेन्सनला महिनाभरही थांबावं लागलं नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने 31सी हे कलम आलं. त्यानुसार मूळ मुद्रणानंतर पाच वर्षं उलटल्याशिवाय या सवलतीखाली पुनर्मुद्रण करता येत नाही, दरवर्षी किमान 50,000 प्रतींचं मानधन भरावं लागतं, आणि तांत्रिक गरजेपलीकडे रचनेत बदल करता येत नाही. ऐंशीच्या दशकातल्या स्वस्त कव्हर कॅसेटींचा सुळसुळाट ज्यांनी पाहिलाय त्यांना या कठोरपणामागची चीड समजेल. पण पन्नास हजार प्रतींचे पैसे कुठला जॅझवाला भरणार? आणि बदल करायचा नाही तर जॅझ वाजवायचा कसा? नक्कल करणाऱ्याला वाट ठेवली, उमजलेलं मांडणाऱ्याला मात्र मूळ मालकाच्या दारात उभं केलं.

प्रत्यक्ष मैफिलीला मात्र हे कलम लागत नाही. आणि मैफिलीसाठी लागणारे हात आमच्या वसईत आहेत. इथल्या कुपारी आणि वाडवळ ख्रिस्ती समाजांच्या लग्नांत बँड लागतो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजतात; चर्चच्या गायकवृंदांत मराठी भक्तिगीतं चार आवाजांत बांधून गायली जातात; कीबोर्ड आणि गिटार शिकणारी मुलं पापडीपासून आगाशीपर्यंत घरोघर सापडतील. जॅझला जे लागतं, म्हणजे स्वरसंवादाचा कान आणि रस्त्यावर चालता चालता वाजवायची छाती, ते त्यांच्याकडे आहे. नाही ती सवय, एक अख्खी कलाकृती घेऊन तिच्यापाशी महिनोन्महिने बसायची. दोष त्यांचा नाही. लग्नात तासाला वीस गाणी मागणारे आम्हीच.

आमच्याकडे चिमाजी अप्पा मैदानावर दरवर्षी कला-क्रीडा महोत्सव भरतो. त्याच्या आयोजकांना, आणि चर्चच्या सभागृहांची किल्ली ज्यांच्या हाती आहे त्या धर्मगुरूंना विनंती आहे: एक संध्याकाळ या मुलांना द्या. अट एकच ठेवा, एकच अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वतःच्या पद्धतीने. परदेशी नको असेल तर 'राग जॅझ स्टाइल' घ्या. सहा महिने आधी सांगा, तालमीला जागा द्या, आणि मानधन लग्नाच्या बँडपेक्षा कमी देऊ नका.