पानात काय वाढले आहे?

आज आश्विन वद्य द्वादशी, म्हणजे वसुबारस. दीपावलीचा पहिला दिवा आज सायंकाळी गाय आणि वासरू यांच्यापुढे उजळावयाचा. घरोघरी सुवासिनी सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालतील, कपाळी हळदकुंकू लावतील, फुलांची माळ घालतील आणि घास भरवतील. ज्या शहरी घरांना गोठा उरलेला नाही, तेथे पाटावर तांदळाची किंवा मातीची गाय-वासरे मांडून पूजा होईल. व्रतस्थ स्त्रिया आज गहू आणि मूग खाणार नाहीत, गाईचे दूधतूप घेणार नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी एवढ्यावरच त्यांचा उपवास सुटेल.

गहू आणि मूग या दोन निरुपद्रवी धान्यांनी असा कोणता अपराध केला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्याचे उत्तर या व्रताच्या कहाणीत आहे. ती कहाणी आज आम्ही वाचकांस पुन्हा सांगणार आहोत, कारण ती सांगताना आम्ही स्वतः अनेक वर्षे घाई करीत आलो.

आटपाट नगर होते. तेथे एक म्हातारी आपल्या सुनेसह राहत असे. घरी गाई होत्या, म्हशी होत्या आणि गव्हाळी, मुगाळी अशी वासरे होती. आश्विन मास आला. म्हातारी शेतावर निघाली. जाताना तिने सुनेस सांगितले, माडीवर जा, गव्हाळे-मुगाळे काढ आणि शिजवून ठेव. तिच्या मनात गहू आणि मूग. सुनेने ऐकले ती वासरांची नावे. ती वासरांपाशी गेली. तिला भय वाटले, तिचा हात थरथरला. पण सासूची आज्ञा! तिने वासरे मारली आणि शिजवली. दुपारी म्हातारी घरी आली, पानावर बसली. पानात वाढलेले तांबडे मांस पाहून तिने विचारले, हे काय? सुनेने झाले ते सांगितले. म्हातारी हादरली आणि तशीच उठून देवापुढे जाऊन बसली. न कळत अपराध घडला, वासरे जिवंत कर, नाही तर प्राण देईन, असे म्हणून तिने धरणे धरले. सायंकाळी गाई रानातून परतल्या, हंबरू लागल्या. देवास करुणा आली आणि वासरे उड्या मारीत आपापल्या आईकडे धावली.

सणाच्या आरंभी ही रक्ताची कथा आमच्या पूर्वजांनी का ठेवली असावी? आनंदाच्या ताटात हा खडा कशासाठी? याचे उत्तर आम्हांस ग्रंथांत मिळण्यापूर्वी भिवंडीच्या एका तबेल्यात मिळाले.

आम्ही पंढरपूरचे रहिवासी. चंद्रभागेच्या वाळवंटात बाळपण गेले आणि कीर्तनसेवेच्या निमित्ताने महाराष्ट्र हिंडलो. काही वर्षांपूर्वी चातुर्मासात भिवंडीस आमची कीर्तने होती. वज्रेश्वरीच्या देवस्थानाने पावन झालेला हा तालुका. गावात मात्र अहोरात्र यंत्रमागांचा खडखडाट. त्याच खडखडाटात आवाज चढवून आम्ही त्या रात्री ज्ञानेश्वर माउलींचे आख्यान लावले होते. पैठणच्या ब्रह्मसभेत रेड्याच्या मुखातून वेद वदविले, तो प्रसंग. पुढे तो रेडा जुन्नर तालुक्यातील आळे येथे समाधिस्थ झाला. तेथे आजही त्याच्या समाधीचे दर्शन घेतात, हे सांगताना श्रोत्यांच्या डोळ्यांस पाणी आले. आमच्याही आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे यजमान दूध आणावयास निघाले. आम्हांस पहाटे फिरण्याची सवय, म्हणून आम्हीही त्यांच्यासमवेत गेलो. गावाबाहेर म्हशींचा मोठा तबेला होता. लांबच लांब रांगेत म्हशी बांधलेल्या, धारांचा आवाज चाललेला. दाराशी, ओल्या शेणात, एक रेडकू पडले होते. नर होते. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी त्याची दशा. आमची चाहूल लागताच त्याने मान उचलली आणि आमच्या उपरण्याचे टोक तोंडात धरून चोखू लागले.

आम्ही तबेल्याच्या मालकास म्हणालो, "अहो, याला आईकडे सोडा. भुकेले आहे ते."

मालक साधा माणूस होता. उद्धटपणा त्याच्या बोलण्यात मुळीच नव्हता. तो म्हणाला, "बुवा, ते प्यायलं तर तुम्हांला काय घालू? पारडी असती तर एखादी ठेवली असती. टोणग्याचं काय करायचं? नांगराला आता कोणी घेत नाही."

"मग याचे होते काय?"

"जगलं तर व्यापारी नेतो. बहुतेक जगत नाही."

"आणि म्हैस भाकड झाली म्हणजे?"

"तिलाही व्यापारीच नेतो. त्या पैशांत थोडी भर घालून ताजी व्यालेली आणायची. भाकड म्हैस इथं बसवून खायला घालायची तर दुधाचा भाव तुम्हांला परवडायचा नाही."

यजमान खाली पाहत उभे होते. त्यांच्या हातातील बरणी भरली गेली होती. आम्ही उपरणे हलकेच सोडवून घेतले आणि परत आलो. घरी चहा झाला. तो चहा आम्ही घेतला, हेही येथे सांगितले पाहिजे. आदल्या रात्री ज्याच्या जातभाईच्या मुखी वेद घातले, त्याच्या वाट्याचे दूध सकाळी आमच्या पेल्यात होते.

वाचकहो, तो मनुष्य क्रूर नव्हता. त्याने आम्हांस केवळ हिशेब सांगितला. म्हैस व्याल्यावाचून दूध देत नाही. दहा महिन्यांहून अधिक काळ ती गर्भ वाहते. जन्मणाऱ्या वासरांत निम्मे नर असतात. खेड्यातील शेतकरी भाकड जनावर बांधावर चारून पुढल्या वेतापर्यंत सांभाळतो. शहराजवळच्या तबेल्यात चारा विकतचा, जागा तोकडी, तेथे दुधावाचूनचे महिने कोण पोसणार? मुंबईतील तबेले शहराबाहेर न्यावेत म्हणून १९४९ साली गोरेगावास आरे वसाहत उभी राहिली. तबेले हलले, पण हिशेब तोच राहिला.

कायदाही हाच हिशेब जाणतो. महाराष्ट्रात १९७६ चा पशुसंरक्षण कायदा १९७८ पासून अमलात आला. गाईच्या वधास त्याने बंदी केली आणि २०१५ सालच्या दुरुस्तीने बैल व वळू यांनाही ते संरक्षण मिळाले. म्हशीला मात्र नाही. दूध, ओढकाम वा पैदास यांपैकी कशाच्याही उपयोगाची ती राहिली नाही, असा दाखला मिळाला की तिचा वध करता येतो. या दाखल्याचा अर्थ आम्ही आमच्या मनाशी असा लावला की, आमच्या दुधाच्या खातेवहीचे ते शेवटचे पान आहे. आज आपला देश दुधाच्या उत्पादनात जगात पहिला आहे आणि म्हशीच्या मांसाची निर्यात करणाऱ्या प्रमुख देशांतही त्याची गणना होते. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. आणि आज गाईचे दूध वर्ज्य म्हणून काही घरांत म्हशीच्या दुधाचा चहा होतो, हे आठवले म्हणजे मन खिन्न होते.

येथे कोणी म्हणेल, बुवा, दोष खाटकाचा. आम्ही शाकाहारी माणसे, आमचा काय संबंध? त्यांनी आपली शास्त्रे उघडून पाहावीत. मनूने मांसाच्या प्रकरणी आठ घातक सांगितले आहेत. अनुमती देणारा, मारणारा, तुकडे करणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. सुरी धरणारा त्यांतील एक. हा विचार मांसाविषयीचा आहे, दुधाविषयीचा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण विकत घेणाराही कर्त्यांत मोजावा, हे त्यातील तत्त्व दुधाच्या दारी येऊन थांबेल कसे?

याहून मार्मिक शब्द आहे 'सूना'. संस्कृतात सूना म्हणजे वधस्थान. मनुस्मृती सांगते की प्रत्येक गृहस्थाच्या घरी पाच सूना आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या प्रत्येक ठिकाणी कळत-नकळत जीव मरतात, म्हणून गृहस्थाने नित्य पंचमहायज्ञ करावेत. ऋषींनी स्वयंपाकघरास पवित्र म्हटले, पण निष्पाप म्हटले नाही.

महाभारताच्या वनपर्वात तोच शब्द पुन्हा भेटतो. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण. क्रोधाच्या दृष्टीने त्याने एक बगळी भस्म केली होती. धर्म शिकावयाचा तर मिथिलेच्या व्याधाकडे जा, असे एका पतिव्रतेने त्यास सांगितले. तो गेला, तेव्हा तो धर्मव्याध सूनेत, म्हणजे खाटिकखान्यात, हरणाचे आणि म्हशीचे मांस विकीत बसला होता. तो व्याध स्वतः मांस खात नसे. त्याने कौशिकास सांगितले की नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव आहे. पूर्ण अहिंसक असा या जगी कोणी नाही, मात्र यत्न करणाऱ्याची हिंसा उणी होते. वेद शिकलेल्या ब्राह्मणाने हा धडा खाटकाच्या दुकानात घेतला, ही गोष्ट व्यासांनी उगाच लिहिली नाही.

म्हणून आजच्या दिवशी कोणत्याही जमातीकडे बोट दाखविणे आम्हांस मान्य नाही. भिवंडीने १९७० आणि १९८४ साली दंगलींचे जे दुःख सोसले, ते आठवले म्हणजे अशा बोटांचे मोल कळते. म्हैस आपण होऊन खाटकाच्या दारी जात नाही. ती तेथे पोचते, तो रस्ता आमच्या दुधाच्या भांड्यापासून निघतो. आमच्या कीर्तनात साथ करणाऱ्या मृदंगाची पुडीदेखील कातड्याचीच असते. त्या कातड्यावर थाप पडली की आम्ही अहिंसेवर निरूपण करतो!

मग करावे काय? दूधच सोडावे? महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत असताना १९१२ साली दूध वर्ज्य केले होते. पुढे कठीण दुखण्यात, १९१९ साली मुंबईस, कस्तुरबांच्या सुचवण्यावरून ते शेळीचे दूध घेऊ लागले. प्रतिज्ञेचे अक्षर राहिले, आत्मा गेला, ही टोचणी त्यांनी आत्मचरित्रात लपविली नाही. एवढ्या मोठ्या पुरुषासही हा प्रश्न सुटला नाही. आम्ही तर सामान्य. आमच्या घरी लहान मुले आहेत, वृद्ध आहेत, देवास पंचामृत आहे.

परंतु सुटत नाही म्हणून प्रश्न विचारूच नये, असे नाही. भिवंडीहून परतल्यावर आम्ही हे सारे घरी सांगितले. आमच्या गृहिणी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "देवाला दूध कमी पडत नाही. कमी पडते ते रेडकाला." त्या दिवसापासून आमच्याकडे अभिषेकास पळीभर दूध, बाकी पाणी. दोन वेळचे दूध एक वेळेवर आले. वसुबारसेस गाईचेही नाही आणि म्हशीचेही नाही. जो गवळी रेडकाचा सड राखून धार काढतो त्याच्याकडून, चार पैसे अधिक देऊन, आम्ही दूध घेतो. वर्षातून एकदा भाकड जनावरांच्या वैरणीसाठी यथाशक्ति देतो. आणि देताना 'केवळ गाईस' अशी अट घालीत नाही. मुंबईत भुलेश्वरास १८३४ साली पांजरपोळ स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत जमशेटजी जीजीभाय हे पारशी गृहस्थ अग्रणी होते. मुक्या जनावराची करुणा कोणा एका धर्माची मिरास नाही. याने आमचे पाप फिटले, असा आमचा दावा नाही. ते किंचित उणे झाले असेल.

आता कहाणीकडे पुन्हा वळू. सुनेकडून शब्द ऐकण्यात चूक झाली. पण सुरी उचलण्यापूर्वी तिने वासराच्या डोळ्यांत पाहिले होते, तिचा हात थरथरला होता. आमच्यावर तो प्रसंगच येत नाही; सुरी दूर कोणाच्या तरी हाती असते आणि आमच्यापर्यंत पांढरे शुभ्र दूध तेवढे येते. म्हातारीची थोरवी कशात? वाढलेल्या पानाकडे पाहून 'हे काय?' असे तिने विचारले, यात. तिने विचारले नसते, तर वासरे जिवंत झाली नसती. या व्रताचे मर्म आम्हांस या एका प्रश्नात दिसते.

मायभगिनींनो, आज सायंकाळी गाय-वासरांस ओवाळून झाले की ही कहाणी मुलांस संपूर्ण सांगा. मारलेल्या वासरांचा भाग गाळू नका. मूल विचारील, "आई, आपल्या दुधाचे वासरू कुठे आहे?" त्याला गप्प बसवू नका. उद्या सकाळी दूधवाला दारी येईल, तेव्हा तोच प्रश्न आपण त्याला विचारा, आणि जे उत्तर येईल ते ऐकून घ्या. देवाने त्या म्हातारीची वासरे परत दिली. भिवंडीच्या त्या दाराशी पडलेले रेडकू कोणी परत दिले नाही. तोवर आपली कहाणी सुफळ संपूर्ण झाली, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?