जन्म सॅक्सनांचा, माया डेन्सची!

‘द लास्ट किंग्डम’ एका दमात बघून संपवलीत? मग उट्रेडला ओळखतच असाल. पण मूळ कादंबऱ्या वाचल्या नसतील, तर खरी मजा अजून बाकी आहे! बर्नार्ड कॉर्नवेल यांची ही मालिका २००४ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये तेराव्या कादंबरीवर संपली.

नवव्या शतकातलं इंग्लंड. सॅक्सन सरदाराचा मुलगा उट्रेड डेन्सच्या, म्हणजे व्हायकिंग्जच्या हाती लागतो आणि त्यांच्यातच वाढतो. पुढे लढतो मात्र सॅक्सन राजा आल्फ्रेडसाठी. मग तो नेमका कोणाचा?

हा प्रश्न लेखकाच्याही घरचा. कॉर्नवेल दत्तक गेलेले. पन्नाशी उलटल्यावर जन्मदात्या वडिलांना भेटले, तेव्हा कळलं, की घराण्याची वंशावळ थेट बॅम्बर्गच्या उट्रेडपर्यंत जाते! तो खरा उट्रेड १०१६ मध्ये मारला गेला, आल्फ्रेडनंतर शंभरहून जास्त वर्षांनी. कादंबरीतला उट्रेड काल्पनिकच.

काय खरं, काय रचलेलं, हे कॉर्नवेल पुस्तकाच्या शेवटी टिपणात सांगतात. ती पानं स्किप करू नका. गोष्टीवर प्रेम करा, पण इतिहास म्हणून फॉरवर्ड करण्याआधी टिपण वाचा!