घरात स्कॉच आणायची तर…

शालू घ्यायचा म्हटला की आपण चार दुकानं पालथी घालतो, पदर उलटा करून जर पाहतो. पण समारंभासाठी व्हिस्कीची बाटली हवी असली की पुरुषमंडळी दुकानात जातात आणि दुकानदार हातात ठेवील ती घेऊन येतात. काही हजारांची वस्तू! पैसे घरखर्चातूनच जातात ना? मग ती पारखायची कशी, हे घरच्या बाईला नको का कळायला?

"छे बाई, आपल्याला काय करायचंय!" म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी सांगते. माझ्या थोरल्या दिरांच्या निवृत्तीच्या जेवणाला स्कॉच हवी, हे जाऊबाईंनीच ठरवलं. म्हणाल्या, "तीस वर्षं मित्राकडून वेलदोडा चघळत घरी आले, अन् मीही कळून न कळल्यासारखं केलं. आता एकदा माझ्यासमोर बसून घेऊ देत, आणि चांगली घेऊ देत." निवडायचं काम माझ्याकडे आलं. मास्तरणीला वाचायची सवय असते, हा त्यांचा समज!

वाचायचं असतं ते लेबलच. स्कॉच म्हणजे स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि तिथेच ओकच्या पिंपात निदान तीन वर्षं मुरलेली व्हिस्की. तिकडच्या २००९ च्या नियमांतच तसं लिहिलं आहे. मद्यार्क शेकडा ४० पेक्षा कमी चालत नाही. 'सिंगल माल्ट' म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची. बाळासाठी आपण नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतो ना, माल्ट म्हणजे तसंच मोड आणून वाळवलेलं धान्य. 'ब्लेंडेड' म्हणजे अनेक ठिकाणच्या माल्ट आणि इतर धान्यांच्या व्हिस्कींचं मिश्रण. आपल्याकडच्या पुष्कळ स्वस्त व्हिस्कींत मात्र साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो. युरोपात असला माल व्हिस्की म्हणून विकता येत नाही.

लेबलवर १२ वर्षे लिहिलं असेल, तर आतली सगळ्यांत कोवळी व्हिस्की १२ वर्षांची असते. हे वय पिंपातलं. बाटलीत व्हिस्की मुरत नाही, तेव्हा कपाटात दहा वर्षं ठेवून ती लोणच्यासारखी सुधारेल ही आशा नको. गडद रंगालाही भुलू नका. रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे.

चवीचं म्हणाल तर स्पेसाइड भागातल्या ग्लेनफिडिक, ग्लेनलिव्हेट ह्या सौम्य, फळांच्या वासाच्या. शेरीच्या पिंपात मुरलेलीला मनुका-अंजिराची गोडी येते. आणि आयला बेटावरची लाफ्रॉइग? दलदलीतल्या पीट नावाच्या मातीच्या धुरावर तिची बार्ली वाळवतात. हुंगली तर थेट दवाखान्यातलं टिंक्चर आयोडीन! शौकीन तिच्यावर जीव टाकतात, पण ज्यांची आवड ठाऊक नाही त्यांना ती देऊ नये.

आम्ही शेवटी १२ वर्षांची ब्लॅक लेबल घेतली. ती ब्लेंडेड आहे. सिंगल माल्टच भारी, असा हल्ली एक तोरा असतो. माझ्या मते ज्याने जन्मभर ब्लेंडेडच घेतली, त्याला त्यातलीच चांगली द्यावी. पन्नाशी-साठीत जिभेची परीक्षा कशाला? परदेशातून कोणी येणार असेल तर त्याला विमानतळावरून आणायला सांगा. एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य जकातीशिवाय आणता येतं. इथल्या दुकानात स्कॉच घेताना 'बॉटल्ड इन इंडिया' दिसलं तर दचकू नका. टीचर्स, व्हॅट ६९ ह्या ब्लेंडेड स्कॉच पिंपातून इकडे येतात आणि इथे भरल्या जातात, म्हणून स्वस्त पडतात. सिंगल माल्ट मात्र स्कॉटलंडमध्येच भरलेली हवी.

आणि हो, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना लागतो. एक दिवसाचाही मिळतो. वयाची अट २५ वर्षं, म्हणजे कॉलेजातल्या पुतण्याला "घे रे थोडी" म्हणणाऱ्या काकांना आवरायचं काम आपलंच.

एक गोष्ट बाटलीपेक्षाही महत्त्वाची. आमच्या एका चुलत दिरांनी मोठ्या कष्टाने दारू सोडली आहे. त्यांच्या बायकोला मी आठ दिवस आधी फोन करून विचारलं, "आणू ना?" तिने त्यांना विचारून कळवलं, येऊ, पण जेवायच्या वेळी. म्हणून बैठक आठला संपवायची आणि पेले विसळून आत ठेवायचे, असं ठरलं. जाऊबाई म्हणाल्या, ते जमत नसेल तर बाटलीच नको. मला ते पटलं. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांना आग्रह नाही, आणि गाडी चालवणाऱ्याला तर थेंबसुद्धा नाही.

७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे पंचवीस पेग बसतात, त्यावरून माणसांचा हिशोब करा. सोबत गार पाणी वेगळं ठेवा. सोड्यात बुडवायची तर एवढी महाग आणली कशाला? उरली तर बूच घट्ट लावून बाटली उभीच, अंधाऱ्या कपाटात ठेवायची. आडवी ठेवली तर कडक मद्याने बूच खराब होतं. घेताना सील अखंड आहे ना, लेबलवरची अक्षरं नीट आहेत ना, हे पाहावं आणि पावती मागून घ्यावी. रिकामी बाटली खोक्यासकट भंगारवाल्याला देऊ नका. असल्याच बाटल्यांत भलतंसलतं भरून पुन्हा विकतात. लेबल पाण्यात भिजवून खरवडून काढायचं, खोकं फाडायचं आणि मगच ती रद्दीत टाकायची.